सोमवारीच दम का लागायचा? आणि कामाबद्दलचे तुमचे बाकी प्रश्न

प्रश्न : ताई, आमचे वडील लालबागला मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. लहानपणची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. रविवारी ते अगदी ठणठणीत असायचे आणि सोमवारी पाळी करून आले की छाती धरून बसायचे, मंगळवार-बुधवारपासून परत बरे. मोठे काका म्हणायचे याला कामाचा कंटाळा आहे. वडील आता नाहीत. यावर कुणी अभ्यास केला होता का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, केला होता, आणि तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ केला होता. तुमच्या वडिलांना तेव्हा कुणी तपासलं नसेल तर आज शंभर टक्के कुणीच सांगू शकणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, रविवारी बरं आणि सोमवारी छाती आवळणं, ते बिसिनोसिस नावाच्या आजाराचं अगदी पुस्तकात असतं तसं लक्षण आहे. कंटाळ्याचा त्यात काही संबंध नाही.

होतं काय, तर ब्लो रूममध्ये गासड्या फोडल्या आणि पुढे कार्डिंगला कापूस पिंजला की सगळ्यात जास्त धूळ याच दोन खात्यांत उडते. ही धूळ नुसता कापूस नसते, पानांचा, देठांचा चुरा आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचं विष असं सगळं त्यात असतं. रोज छातीत जायला लागलं की शरीर थोडंफार सरावतं, मग एक दिवस सुट्टी मिळाली की तो सराव मोडतो आणि सोमवारी काम सुरू झाल्यावर काही तासांत श्वासनळ्या परत आवळतात. सुरुवातीला फक्त सोमवार, मग सोमवार आणि मंगळवार, मग आठवडाभर, आणि बरीच वर्षं गेल्यावर सुट्टी असो नसो, दम कायमचा. तोपर्यंत एक्सरे बघून विडी ओढणाऱ्याची छाती कुठली आणि कार्डिंगवाल्याची कुठली हे ओळखणं अवघड होऊन बसतं, आणि नुकसानभरपाई मागायची वेळ नेमकी तेव्हा येते.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या मिल्समध्ये १९५० च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी यावर मोठं काम केलं. त्यांनी कामगारांना नुसतं दम लागतो का असं न विचारता कोणत्या दिवशी लागतो हे विचारलं, आणि त्यावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, कधीतरी सोमवारी, दर सोमवारी, सोमवारी आणि इतर दिवशीही, आणि शेवटची कायमची. इतका साधा प्रश्न, पण तो विचारला नाही तर आजार दिसतच नाही. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या टीमने गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये त्यांचा पेपर आला, त्यात मुद्दा नेमका हाच होता की धुळीचा हा आजार आणि साधा जुनाट ब्राँकायटिस वेगळे कसे ओळखायचे. पुढच्याच वर्षी संप झाला. (ती रविवारची सुट्टीसुद्धा आपोआप आलेली नाही बरं का. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.)

बिसिनोसिस कायद्यात व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, पण यादीत असणं आणि भरपाई हातात पडणं यात फार अंतर राहिलं. तुमच्या ओळखीत कुणी जुने कार्डिंगवाले, ब्लो रूमवाले अजून असतील आणि दम्याची औषधं घेत असतील तर डॉक्टरांना कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं हे त्यांनी आपणहून सांगावं, कारण ओपीडीत हा प्रश्न कुणी विचारतंच असं नाही.

प्रश्न : माझा मेव्हणा जेवायला बसला की हमखास काढतो, युनियनने गिरण्या बुडवल्या आणि कामगार कायद्यांमुळे महाराष्ट्रातले उद्योग गुजरातला गेले, वर म्हणतो की हे रिसर्चने सिद्ध झालंय. मी युनियनचा माणूस आहे, बेस्टमधून रिटायर झालो. मला त्याला नीट उत्तर द्यायचंय. — एक वाचक, बोरिवली

उत्तर : काका, त्यांच्या बोलण्यात दोन वेगळे मुद्दे आहेत, ते आधी सुटे करा.

पहिला गिरण्यांचा. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ होती, बदलीवाल्यांना, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घेतलेल्यांना, कायम करा ही मागणी होती, आणि एक मागणी अशी होती जी आता लोक विसरलेत, ती म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. या कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन ठरायची, मुंबईच्या गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि वाटाघाटी फक्त तिच्याशीच. म्हणजे कामगार एका माणसाच्या मागे आणि सहीचा अधिकार दुसऱ्याकडे. आता हे मेव्हण्यांना सांगा आणि विचारा की युनियन जास्त होती म्हणून प्रश्न चिघळला का कामगाराला हवी ती युनियन निवडता येत नव्हती म्हणून चिघळला. माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही.

पण गिरण्या त्या संपाच्या आधीच पोखरल्या होत्या हेही तितकंच खरं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला पॉवरलूम वाढले होते, स्वस्तात कापड निघत होतं, आणि इकडे कितीतरी गिरण्यांत जुन्याच मशिनी, नफा दुसऱ्या धंद्यात वळवलेला. आणि संपानंतरचं बघा. संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, तो विरत गेला, हजारो लोकांना परत कामावर घेतलंच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची असं झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. ज्या जमिनीवर कापड काढण्यापेक्षा टॉवर बांधण्यात कितीतरी पट पैसा आहे तिथे गिरणी चालू ठेवायची घाई कुणाला असणार? संपाने कामगार हरला हे मान्य करा काका, ते नाकारून काही मिळत नाही, पण गिरण्या बंद होण्याचं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही.

आता दुसरा मुद्दा, रिसर्चचा. मेव्हण्यांच्या कानावर जे आलंय ते बहुतेक टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांच्या २००४ च्या पेपरवरून आलंय, भारतातल्या कामगार कायद्यांवर इतका गाजलेला दुसरा पेपर शोधावा लागेल. त्यांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात प्रत्येक राज्याने केलेल्या दुरुस्त्या घेतल्या, कामगाराच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकाच्या बाजूची असेल तर उणे एक, कुणाच्याच नाही तर शून्य, अशी बेरीज करत राज्यांना शिक्के लावले, आणि १९५८ ते १९९२ च्या आकड्यांवरून म्हटलं की कामगारांच्या बाजूने झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांचं उत्पादन आणि गुंतवणूक मागे पडली. अहवालांमध्ये, अग्रलेखांमध्ये हा पेपर वर्षानुवर्षं फिरतोय.

गंमत अशी की त्या यादीत महाराष्ट्र कामगारांच्या बाजूचा आहे आणि गुजरातसुद्धा! म्हणजे मेव्हण्यांच्या म्हणण्यानुसार उद्योग जिथे पळाले ते राज्यही त्याच खान्यात. २००६ मध्ये दिल्लीचे अर्थशास्त्रज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी हे अधिक-उणे कसे दिले ते मुळापासून तपासलं, तर गुजरातला तो शिक्का फक्त एका दुरुस्तीवरून लागला होता, १९७३ ची, ज्यात कारखान्याच्या संयुक्त व्यवस्थापन मंडळावर मालकाने आपले प्रतिनिधी नेमले नाहीत तर दिवसाला ५० रुपये दंड. ५० रुपये! त्या दंडाला घाबरून कुणी कारखाना टाकायचा थांबला असेल असं तुम्हाला वाटतं का? आणि दुरुस्ती पुस्तकात आहे म्हणजे ती कारखान्यात लागू झाली असंही नाही, इन्स्पेक्टर किती, केस किती वर्षं चालते, कंत्राटदाराकडून माणसं घेऊन कायद्याला वळसा घालता येतो का, हे त्या बेरजेत कुठेच येत नाही.

म्हणून मी असं म्हणेन, कडक कायद्यांचा आणि युनियनचा उद्योगावर काहीच परिणाम होत नाही असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्यांनीच उद्योग बुडाले हेही नाही. भांडण अजून चालू आहे. जो म्हणतो सिद्ध झालंय त्याने तो पेपर उघडून बघितलेला नसतो.

प्रश्न : आम्ही मालाडला राहतो. आई घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवते, ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर, पैसे मिळतात. मागे सरकारी सर्वेवाले रोजगाराची माहिती घ्यायला आले होते, आजीने दारातच सांगितलं की सून घरीच असते. आई तेव्हा आत ट्रे घेऊनच बसली होती. मग सरकारच्या हिशोबात माझी आई कोण? — एक वाचक, मालाड

उत्तर : आजीच्या उत्तरावर त्या माणसाने पुढे काही विचारलं नसेल तर तुझी आई म्हणजे कोड ९२. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा हा सर्वे, पीएलएफएस म्हणतात त्याला, २०१७ पासून चालू आहे आणि त्यात प्रत्येक माणसाला कामाचा एक कोड देतात. ११ म्हणजे स्वतःचा धंदा करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा, ३१ म्हणजे नियमित पगारी, ५१ म्हणजे रोजंदारीवाला, आणि ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९२ वाली व्यक्ती कामगारांत मोजलीच जात नाही.

नियम मात्र आजीच्या उत्तरापेक्षा बराच उदार आहे. गेल्या ३६५ दिवसांत ३० दिवस जरी कमाईचं काम केलं असेल, भले बाकी सगळा वेळ घरकामात गेला असेल, तरी ती दुय्यम कामाच्या हिशोबाने कामगारात येते, आणि आठवड्याच्या हिशोबात तर सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास केलं तरी धरतात. म्हणजे नियमाने आई शंभर टक्के कामगार आहे. अडतं ते दारात, कारण घरातल्या एकाच माणसाला सगळ्यांबद्दल विचारलं जातं, आणि तो माणूस सासू किंवा नवरा असेल तर बाईचं काम हे काम म्हणून त्याच्या तोंडात येतच नाही. आणि खरं सांगू का, बऱ्याच बायका स्वतःसुद्धा असंच म्हणतात की मी काही करत नाही, टाइमपास म्हणून थोडे खडे लावते.

बरं, समजा नीट विचारलं आणि आई कामगारात आली. तरी कुठल्या खान्यात? ठेकेदाराकडून माल आणून घरी बसून करणाऱ्याला या सर्वेत स्वयंरोजगार धरतात. याचा मला फार राग येतो, स्पष्टच लिहिते. ग्रोसचा रेट ठेकेदार ठरवतो, खडे आणि डिझाइन त्याचं, माल रिजेक्ट झाला की पैसे तो कापतो, लाईटबिल मात्र आईचं, पाठ दुखते ती आईची, आणि वर्गवारीत ती स्वतःच्या धंद्याची मालकीण. मग पेपरात बातमी येते की महिलांचा स्वयंरोजगार वाढला, आणि त्या वाढीत खरा गाळा टाकणारी किती आणि तुझ्या आईसारख्या किती हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. घरी बसून कंत्राटाचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार आहे, १७७ नंबरचा, त्यावर भारताने शिक्कामोर्तब केलेलं नाही.

दुसरा एक सर्वे मला जास्त आवडतो, टाइम यूज सर्वे, २०१९ मध्ये झाला आणि परत २०२४ मध्ये. त्यात काम करता का असं विचारतच नाहीत, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून घेतात. त्यात कुकर लावता लावता खडे चिकटवणंसुद्धा सापडायची शक्यता असते.

तू एक कर. एक वही घे आणि महिनाभर आईच्या कामाची तारीख, किती ग्रोस, किती तास, किती पैसे आले, किती कापले एवढंच लिही. महिन्याच्या शेवटी एका तासाला किती पडले ते काढ आणि चाळीतल्या बाकीच्या बायकांना दाखव. ठेकेदाराशी रेटचं बोलायला चार जणी एकत्र गेल्या तर हातात काहीतरी हवं. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करून घ्या, केली नसेल तर.

प्रश्न : मी एमए सोशिऑलॉजीला आहे, कुर्ल्याला राहते. मॉलमधल्या सेल्सगर्ल्सच्या कामाच्या परिस्थितीवर प्रबंध करायचाय. एचआरने आत बोलायला परवानगी नाकारली. मग गुगल फॉर्म बनवून शंभर जणींकडून भरून घेऊ का? गाइड म्हणतात सॅम्पल मोठं दिसलं पाहिजे. — एक विद्यार्थिनी, कुर्ला

उत्तर : फॉर्म नको गं. दहा तास उभं राहून घरी गेलेली मुलगी तुझा फॉर्म जिन्यावरून चढताना भरणार, आणि 'कामाचं वातावरण कसं आहे' यावर 'चांगलं' टिक करणार, कारण लिंक सुपरवायझरकडे गेली तर काय, ही भीती तिच्या मनात असणारच. पंचवीस जणींशी नीट बोललीस तरी शंभर टिकांपेक्षा जास्त कळेल. गाइडना हे समजावून सांग, पंचविसांवरून टक्केवारी काढायची नाही हे मात्र आधीच कबूल कर.

एचआरने नाही म्हटलं ते एका अर्थी बरंच झालं. मॅनेजरच्या केबिनशेजारी बसून घेतलेल्या मुलाखतीत काही निघत नाही. पाळी सुटल्यावर बाहेर भेट, स्टेशनपर्यंत बरोबर चाल, रात्रीच्या लेडीज डब्यात बस. आणि मोघम विचारू नकोस, साधारण किती तास उभं राहता असं विचारलं की सगळ्या सात-आठ म्हणतात. काल विचार. काल किती वाजता पंच केलं, पहिल्यांदा कधी बसलीस, कुठे बसलीस, स्टूल होतं का स्टॉकरूममध्ये खोक्यावर, बाथरूमला जायचं तर कुणाला सांगावं लागलं, तेवढा वेळ काउंटरला कोण होतं, मासिक पाळी आलेली असेल तर त्या दिवशी काय केलं. बसण्याचा हा प्रश्न क्षुल्लक नाही, केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात घातलं, आणि त्यामागे कापडदुकानात उभ्या राहणाऱ्या बायकांचाच आवाज होता.

दुसरं, पगार कुणाकडून येतो हे प्रत्येकीला विचार, माझ्या मते तुझा अख्खा प्रबंध इथे उभा राहील. एकाच मजल्यावर एकाच रंगाचा टीशर्ट घालून उभ्या असलेल्या तिघींपैकी एक दुकानाची असते, एक ब्रँडची आणि एक एजन्सीची. आयकार्डवर कुणाचं नाव, बँकेत कुणाकडून पैसे पडतात, पगाराची स्लिप मिळते का, अपॉइंटमेंट लेटर आहे का, पीएफ खात्याचा यूएएन नंबर स्वतःला माहीत आहे का, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे का (त्याची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये धरलेली). सुट्टी कोण देतं आणि ओरडतं कोण, हेही विचार, कारण बऱ्याचदा ते दोघं वेगळे निघतात, मग तक्रार करायची कुणाकडे?

नावं, दुकानाचं नाव, मजला, ब्रँड, काही लिहू नकोस. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचार आणि नको म्हटलं तर मोबाईल बॅगेत टाक. तिची नोकरी तुझ्या मार्कांपेक्षा मोठी आहे.

जुनं वाचायचं असेल तर मुंबईसारखं नशीबवान शहर नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं, त्याचं लेबर गॅझेट त्याच वर्षीपासून, कामगार कुटुंबांचे घरखर्च त्यांनी तेव्हा घरोघरी जाऊन लिहून घेतले होते. गिरण्यांतल्या बायकांची पाहणी करायला सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाई डॉक्टर नेमल्या होत्या, १९२२ च्या सुमाराची गोष्ट, त्या चाळींत फिरल्या तेव्हा पुढे आलं की आई कामाला जाताना तान्ह्या बाळाला अफू चाटवून झोपवायची आणि हे अगदी सर्रास होतं. नुसत्या गिरणीच्या ऑफिसात बसून हे कुणाला कळलं असतं का? पुढे मुंबई प्रांतात १९२९ चा मातृत्व लाभ कायदा झाला, त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेताना म्हटलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि खर्चाचा काही भार मालकाने उचलला पाहिजे. ते भाषण मिळवून वाच. कागदपत्रांसाठी काळा घोड्याजवळचं राज्य पुराभिलेखागार, परळची श्रमविज्ञान संस्था, देवनारला टाटा इन्स्टिट्यूटची लायब्ररी, आणि उभं राहून होणाऱ्या त्रासाबद्दल, कामाच्या जागेच्या रचनेबद्दल सायनला केंद्रीय श्रम संस्था. कॉलेजचं पत्र घेऊन जा, सकाळीच जा.

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीत आमच्या युनिटमध्ये नव्वद जण आहोत. युनियन करायला किती माणसं लागतात? — एक वाचक, अंधेरी

उत्तर : नोंदणीसाठी युनिटमधले १० टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते, पण सातपेक्षा कमी चालत नाहीत. नव्वदांत म्हणजे नऊ. ही अट २००१ च्या दुरुस्तीने आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच आहे. पण नोंदणी वेगळी आणि मालकाने बोलायला बसणं वेगळं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद पुरायचे, नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला मस्टरवरचे, म्हणजे हजेरीपटावरचे, ५१ टक्के लागतात, तेवढे कुणाकडेच नसतील तर निदान २० टक्के असलेल्या युनियन मिळून एक परिषद बनते. मस्टरवर हा शब्द नीट वाचा. नव्वदातले कंपनीच्या मस्टरवर किती आणि कंत्राटदाराच्या किती ते आधी मोजा, मग सभासदांच्या पावत्या फाडायला घ्या.